पहिली पायी वारी: आळंदी ते पंढरपूर चालण्याची तयारी, क्रम आणि टाळायच्या चुका

आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालायचे ठरवून दरवर्षी असंख्य माणसे पहिल्यांदाच निघतात, आणि त्यांतली बरीच सासवडहून किंवा जेजुरीहून पायाला पट्ट्या बांधून एसटीने घरी परततात. यांतल्या बहुतेकांच्या अंगात चालण्याची ताकद पुरेशी असते; चुकतो तो तयारीचा क्रम. आधी बूट घेतले जातात, मग सॅक, मग रजा, आणि दिंडीचा विचार पुण्यात पालखी आल्यावर होतो. खरा क्रम याच्या उलट आहे. आधी तिथी आणि दिंडी ठरवावी, मग पाय तयार करावेत, आणि सामानाचा विचार सर्वांत शेवटी करावा. पुढील मांडणी याच क्रमाने केली आहे. देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशा वेगळ्या मार्गाने जाते. तिथले टप्पे निराळे असले तरी तयारी हीच लागते.

## १. तिथी पाहून रजा ठरवणे

पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून होते. ती रात्र आळंदीतच आजोळघरी मुक्काम असतो आणि प्रत्यक्ष चालणे नवमीच्या पहाटे सुरू होते. सगळा हिशेब तिथीचा असल्याने इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते: आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला होती. म्हणून मागच्या वर्षीच्या तारखांवरून रजेचा अर्ज करू नये; संस्थानाने जाहीर केलेले त्या वर्षीचे वेळापत्रक हातात घेऊनच करावा.

मुक्काम साधारण असे असतात: पुणे (दोन रात्री), सासवड (दोन रात्री), जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाल्यास लोणंदचा मुक्काम एका रात्रीचा किंवा दोन रात्रींचा होतो. एकूण अंतर सुमारे २५० किलोमीटर भरते.

या यादीत एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती नवख्याच्या लक्षात येत नाही. विश्रांतीचे दिवस सुरुवातीलाच संपतात. पुण्यात एक आणि सासवडला एक असे दोन दिवस मिळाले की त्यानंतर, लोणंदला दुसरी रात्र मिळाली नाही तर, पंढरपूरपर्यंत रोज चालायचे असते. म्हणजे सासवडला पायाला झालेली जखम भरून यायला पुढे मोकळा दिवस नाही.

पूर्ण वारीची रजा मिळत नसेल तर काही टप्पेच चालावेत. त्यात कमीपणा काही नाही. मात्र टप्पा निवडताना बहुतेक जण पुणे ते सासवड निवडतात, कारण तो घराजवळ आहे. माझे मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा चालणाऱ्याने फक्त हाच एक टप्पा निवडू नये. तो तीस किलोमीटरच्या आसपास आहे, शेवटी दिवे घाटाची चढण आहे, गर्दी सर्वाधिक आहे आणि त्या दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशीचा उपवास असतो. त्याऐवजी सासवड–जेजुरी–वाल्हे–लोणंद हे तीन सलग टप्पे घ्यावेत. अंतरे माफक आहेत, रोजच्या मुक्कामाची शिस्त शिकता येते, आणि जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सर्व ठिकाणे पुणे–मिरज रेल्वेमार्गावर असल्याने परतणे सोपे जाते.

तपासून पाहा: रजेत द्वादशीचा दिवस आणि घरी पोहोचल्यावरचा एक पूर्ण विश्रांतीचा दिवस धरला आहे का? एकादशीच्या रात्रीच परत निघण्याचा बेत केला असेल तर तो आत्ताच बदलावा.

## २. दिंडी ठरवणे

पालखी सोहळ्यात राहणे, जेवणे, सामान आणि शिस्त यांची व्यवस्था दिंडीमार्फत होते. पालखीच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक. दिंडीबाहेर चालणाऱ्यांना ‘मोकळा समाज’ म्हणतात. मोकळ्या समाजात चालण्यास कोणाची आडकाठी नसते, पण रात्री अंग टाकायला जागा, आंघोळीला पाणी आणि सामान वाहणारा ट्रक यांतले काहीच हक्काचे नसते. पहिल्या वर्षी दिंडीशिवाय निघू नये.

दिंडीची चौकशी किमान दोन महिने आधी करावी. आपल्या गावातून, नातेवाइकांतून किंवा ओळखीच्या माळकऱ्याकडून मिळालेली दिंडी सर्वांत चांगली, कारण तिथे आजारपणात हाक मारणारे कोणीतरी असते. दिंडीप्रमुखांशी प्रत्यक्ष बोलून पुढील गोष्टी विचाराव्यात:

- भिशी (दिंडीत भरायची वर्गणी) किती आहे आणि तीत दोन वेळचे जेवण, चहा, न्याहारी, तंबू आणि सामानाचा ट्रक यांतले काय काय येते?
- ताट-वाटी-पेला स्वतःचा आणायचा आहे का?
- स्त्रियांसाठी वेगळा तंबू आणि आंघोळीचा आडोसा आहे का?
- पाण्याचा टँकर दिंडीचा स्वतःचा आहे की तळावरच्या टँकरवर भिस्त आहे?
- पंढरपुरात मुक्काम कोणत्या मठात, धर्मशाळेत किंवा तंबूत आहे, आणि तो किती दिवस मिळतो?
- मधूनच सामील होता किंवा मधूनच परतता येते का?

भिशी वेळेवर भरावी, आणि ओळखपत्राची प्रत, रक्तगट, चालू औषधे व घरचा संपर्क क्रमांक एका कागदावर लिहून दिंडीप्रमुखांकडे द्यावा. घरी दिंडीचा क्रमांक, ती रथापुढे आहे की रथामागे, आणि दिंडीप्रमुखांचा फोन एवढे लिहून ठेवावे. ‘रथामागे अमुक क्रमांक’ हाच वारीतला आपला पत्ता असतो. केवळ दिंडीच्या नावावरून माणूस शोधणे फार कठीण जाते.

सावधान: दिंडी ही सहलीची कंपनी नाही. तिथे वाढपे, स्वयंपाकी आणि चालणारे बहुतेक वेळा एकच असतात. आपल्या वाट्याला भांडी घासणे, भाजी चिरणे किंवा तंबूच्या खुंट्या ठोकणे येईल हे मनाशी धरूनच नाव नोंदवावे.

## ३. पाय तयार करणे

या पायरीला आठ आठवडे द्यावेत, आणि वेळ कमी पडत असेल तर चालण्याचे टप्पे कमी करावेत, सराव नव्हे.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस पाच-सहा किलोमीटर चालावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे अंतर आठ ते दहा किलोमीटरवर न्यावे आणि रविवारी एकदा चौदा किलोमीटर चालावे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात शनिवारी अठरा आणि लगेच रविवारी बारा किलोमीटर चालावे. सातव्या आठवड्यात शनिवारी बावीस, रविवारी अठरा. आठव्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणावे आणि शरीराला सावरू द्यावे. या आराखड्याचा गाभा म्हणजे सलग दोन दिवसांचे चालणे. एकदाच तीस किलोमीटर चालून दाखवणारा माणूस वारीला तयार असतोच असे नाही. आदल्या दिवशीच्या दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी पहाटे उठून निघणारा तयार असतो.

सराव डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर करावा. पालखी महामार्ग आता बऱ्याच भागात चौपदरी झाला आहे. त्याचे कठीण पृष्ठ नडगी आणि टाच यांना मातीच्या वाटेपेक्षा जास्त त्रास देते, शिवाय दुपारी तापते. बागेतल्या मऊ मार्गिकेवर केलेला सराव इथे अपुरा पडतो.

आणखी एक गोष्ट सरावात सहसा सुटते. वारीचा वेग सावकाश असतो आणि थांबे अनेक असतात. त्यामुळे वीस किलोमीटर अंतराला विसाव्यासह दहा-बारा तास लागू शकतात, आणि त्यातला बराचसा वेळ गर्दीत उभे राहण्यात जातो. झपझप चालण्याची सवय असलेल्यांना हे रेंगाळणेच थकवते. कंबर आणि पोटऱ्या भरून येतात. म्हणून सरावाच्या काही फेऱ्या मुद्दाम हळू, मध्ये अर्धा-अर्धा तास उभे राहून कराव्यात. शेवटचे दोन आठवडे सतरंजीवर झोपावे आणि उकिडवे बसण्याची सवय करावी. दोन्ही गोष्टी तळावर रोज लागतात.

पादत्राणे निदान सहा आठवडे आधी घ्यावीत, तीही संध्याकाळी, जेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे, कारण रोजच्या चालण्याने पाऊल फुगते. बुटांबरोबर मागे पट्टा असलेली मजबूत सँडल घ्यावी. पावसात तळावर चिखल झाला की बूट ओले होतात आणि सकाळपर्यंत वाळत नाहीत. निव्वळ सुती मोजे घामाने ओले राहून कातडी मऊ करतात, म्हणून खेळाडू वापरतात तसे लवकर वाळणारे मोजे घ्यावेत. नखे निघण्याच्या दिवशी न कापता तीन-चार दिवस आधी सरळ रेषेत कापावीत.

अनवाणी चालण्याचा संकल्प असेल तर त्याचा सरावही तितकेच आठवडे आधीपासून करायला हवा. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असल्यास काटा किंवा भाजलेली कातडी कळत नाही, आणि साधी जखम चिघळते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असलेल्यांनी सराव सुरू करण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. निघण्याच्या आठवड्यात गेलेल्याला सल्ला पाळायला वेळच उरत नाही. उपवासाच्या आणि जास्त चालण्याच्या दिवशी औषधाची मात्रा कशी ठेवायची हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

तपासून पाहा: सातव्या आठवड्याच्या दोन सलग चालींनंतर सोमवारी सकाळी जिना उतरताना गुडघा किंवा टाच टोचत असेल, तर बूट, वेग आणि अंतर यांतले काहीतरी चुकते आहे. ते दुरुस्त करूनच पुढे जावे.

## ४. सामान: एक पिशवी ट्रकची, एक खांद्याची

जड सॅक पाठीवर घेऊन चालण्याची गरज दिंडीत नसते. मोठी पिशवी ट्रकमध्ये जाते आणि संध्याकाळी पुढच्या तळावर मिळते. त्यामुळे सामानाची विभागणी हीच खरी कसरत आहे: दिवसभरात जे लागेल ते खांद्यावर, बाकी सगळे ट्रकमध्ये.

ट्रकची पिशवी मऊ कापडाची, आठ किलोंच्या आत असावी. चाकांची बॅग आणू नये. ती रचली जात नाही आणि चिखलात ओढलीही जात नाही. तीत कपड्यांचे तीन जोड, सतरंजी, चादर, टॉवेल, तांब्या, ताट-वाटी-पेला, कपडे वाळवायला दोरी, डासांचे मलम, विजेरी आणि औषधांचा दुसरा संच ठेवावा. प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावी, कारण पावसात ट्रकची ताडपत्री गळते. पिशवीवर ठळक अक्षरांत नाव, दिंडी क्रमांक आणि फोन लिहावा, आणि एखादी रंगीत चिंधी बांधावी. एकसारख्या काळ्या पिशव्यांच्या ढिगात अंधारात स्वतःची पिशवी सापडायला हीच चिंधी उपयोगी पडते.

खांद्याची पिशवी दोन-तीन किलोंपेक्षा जड नसावी. एक लिटरची पाण्याची बाटली, रेनकोट किंवा प्लॅस्टिकचा मोठा कागद, टोपी किंवा उपरणे, मोज्यांचा एक जोड, गूळ-शेंगदाणे, क्षारसंजीवनीच्या पुड्या, रोजची औषधे, कापूस-पट्टी, व्हॅसलीन, ओळखपत्राची प्रत आणि सुटे पैसे एवढेच तीत असावे. मांड्या आणि काखा घासून सोलवटणे हा फोडांइतकाच सर्रास होणारा त्रास आहे, तरी त्याबद्दल संकोचाने कोणी बोलत नाही. त्यासाठी आत घट्ट बसणारी अर्धी चड्डी आणि सकाळी निघतानाच लावलेले व्हॅसलीन पुरते. स्त्रियांनी सॅनिटरी पॅड आणि ते टाकण्यासाठी कागदी पिशव्या खांद्याच्या पिशवीतच ठेवाव्यात.

सावधान: रोजची औषधे दोन्ही पिशव्यांत विभागून ठेवावीत. ट्रक वाहतुकीत अडकून रात्री उशिरा पोहोचला तर रक्तदाबाची गोळी त्याच्याबरोबर अडकता कामा नये.

## ५. दिवसाचा क्रम

पहिल्या दोन दिवसांत हा क्रम अंगवळणी पडला की पुढचे सोपे जाते.

पहाटे तीन ते साडेतीनला उठावे. ही वेळ ऐकून नवखे दचकतात, पण प्रातर्विधी आणि आंघोळ गर्दीच्या आधी उरकायची तर दुसरा मार्ग नाही. चार वाजल्यानंतर टँकरपाशी आणि फिरत्या शौचालयांपाशी रांगा लागतात. शौचालये असताना शेतात जाऊ नये. मागे राहणाऱ्या गावाला ती घाण महिनाभर भोगावी लागते.

आंघोळीनंतर पाय पूर्ण कोरडे करावेत, विशेषतः बोटांच्या मधली जागा. टाच, अंगठ्याची बाजू आणि तळव्याचा पुढचा भाग यांना व्हॅसलीन लावावे, मग मोजे घालावेत. लगेच पिशवी बांधून ट्रकपाशी द्यावी. ट्रक दिंडीच्या आधी निघतो आणि कोणासाठीही थांबत नाही.

पालखी बहुतेक ठिकाणी सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास हलते. दिंडीत चालताना पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंगी आणि वीणेकरी, मागे तुळशी-हंडा घेतलेल्या स्त्रिया असा क्रम असतो. वीणेकऱ्याच्या पुढे जाऊ नये, टाळकऱ्यांच्या ओळीतून आडवे जाऊ नये, आणि रस्ता ओलांडायचाच असेल तर दिंडी संपू द्यावी किंवा दोन दिंड्यांमधल्या मोकळ्या जागेतून जावे. अभंग पाठ नसतील तर ध्रुपद धरावे. फोन वर करून चित्रीकरण करत चालणारा माणूस मागच्या साऱ्या ओळीचा ठेका मोडतो.

दर तासाला पाच मिनिटे बसावे आणि जमेल तेव्हा बूट-मोजे काढून पाय वाऱ्याला द्यावेत. कुठेही चुरचुरले की तिथल्या तिथे थांबून पट्टी लावावी. ‘पुढच्या विसाव्याला बघू’ म्हणून पुढे ढकललेली चुरचुर विसाव्यापर्यंत फोड होऊन बसते.

वाटेत गावोगावचे लोक प्रेमाने खाऊ घालतात, आणि इथेच पोट बिघडते. एक नियम पाळावा: समोर शिजलेले आणि गरम असेल ते घ्यावे; चिरून ठेवलेली फळे, बर्फ घातलेले सरबत आणि सकाळपासून उघडे राहिलेले पदार्थ हात जोडून नाकारावेत. ‘माऊली, आत्ता पोट भरले आहे’ एवढे म्हटले की कोणी रागावत नाही. चहा दिवसातून दोनदा पुरे. तहान लागण्याआधी घोट-घोट पाणी प्यावे, आणि क्षारसंजीवनीच्या पुड्या संपल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून घ्यावे. चमचा चहाचा घ्यावा. मीठ अंदाजाने टाकू नये.

तळावर पोहोचल्यावर समाजआरती, म्हणजे सगळ्या दिंड्यांची एकत्रित आरती होते. चोपदारांनी दंड उंचावला की टाळ थांबतात आणि सगळा तळ शांत होतो. एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तर तिचे टाळ वाजत राहतात आणि आधी ते ऐकून घेतले जाते. हरवले-सापडलेल्या वस्तूंची माहितीही तिथेच दिली जाते. म्हणून काही हरवले असेल तर रस्त्यावर शोधत न बसता समाजआरतीला हजर राहावे.

झोपण्यापूर्वी पाय धुऊन, कोरडे करून, उजेडात तळवे पाहावेत. फोड लहान आणि न दुखणारा असेल तर फोडू नये. तो ताणला जाऊन चालणे अशक्य झाले असेल तर आरोग्य पथकाकडून निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढून घ्यावे; वरची कातडी मात्र तशीच ठेवावी. ती सोलणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

तपासून पाहा: रात्री आडवे होताना उद्याचे मोजे कोरडे आहेत का, बाटली भरली आहे का, औषध घेतले का?

## ६. टप्प्याटप्प्याची काळजी

आळंदी–पुणे. अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचे आणि स्वागताची गर्दी अफाट. उत्साहात बहुतेक जण पाणी प्यायला विसरतात. पुण्यातला मोकळा दिवस नातेवाइकांकडे आणि बाजारात फिरण्यात घालवू नये; तो पायांसाठी आहे.

पुणे–सासवड. एकादशीचा उपवास आणि वारीतला बहुधा सर्वांत लांब टप्पा एकाच दिवशी येतात. पोटभर साबुदाण्याची खिचडी खाऊन घाट चढू लागल्यास आम्लपित्ताने हैराण व्हायला होते. थोडे-थोडे खावे: केळी, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे, ताक. उपवास झेपत नसेल तर सोडावा. दिवे घाटात कडेच्या खडकांवर किंवा कठड्यावर चढू नये, मध्येच बसकण मारू नये, आणि रथाच्या बैलजोड्यांपासून दूर राहावे. त्या दिवशी घाट इतर वाहनांना बंद असतो, त्यामुळे दमल्यावर गाडीने जाण्याची सोय मिळणार नाही. शंका असेल तर हडपसरलाच थांबावे.

सासवड–जेजुरी–वाल्हे. दुसऱ्या मोकळ्या दिवसाला पुरंदर किल्ला किंवा कानिफनाथ करायला निघू नये. जेजुरीचा गड चढायचाच असेल तर मुक्कामावर दोन तास पडून, संध्याकाळी सावकाश चढावा.

वाल्हे–लोणंद. नीरा नदीवर पादुकांचे स्नान होते. त्या वेळी पूल आणि दत्त घाटाचा परिसर खच्चून भरतो. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर पादुका येण्याच्या बऱ्याच आधी पूल ओलांडून पलीकडे जावे.

लोणंद–तरडगाव. पालखी इथून दुपारी निघते आणि टप्पा लहान आहे. वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. लहान टप्पा म्हणून लोक पाणी घेत नाहीत आणि भर उन्हात दोन-तीन तास उभे राहतात. या भागात पाऊस कमी पडतो. पुण्यात छत्रीखाली चाललेल्यांना इथे टोपी लागते.

फलटण ते भंडीशेगाव. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे रोज वीस किलोमीटरच्या आगेमागे चालणे सलग पाच दिवस येते. वारीची खरी परीक्षा इथे आहे, दिवे घाटात नव्हे. पाऊस आला तर काळ्या मातीच्या तळावर चिखल होतो. तंबूभोवती चर खणणे आणि सतरंजीखाली प्लॅस्टिक टाकणे हे अंधार पडण्यापूर्वी करावे. याच टप्प्यात पुरंदवडे आणि खुडूस फाट्याची गोल रिंगणे होतात. अश्व धावून गेल्यावर टापांखालची माती घ्यायला सगळे एकदम आत धावतात, आणि तीच चेंगराचेंगरीची वेळ असते. कडेला उभे राहावे, लोट ओसरू द्यावा. माती नंतरही तिथेच असते. वेळापूरच्या उतारावर धावा होतो, म्हणजे सगळे धावत उतरतात, तेव्हा गुडघा किंवा घोटा दुखत असेल त्यांनी कडेने चालतच उतरावे.

सावधान: गर्दीत दिंडी चुकल्यास एका जागी थांबून वाट पाहू नये आणि उलटेही चालू नये. मोबाइलचे जाळे अशा वेळी कोलमडलेले असते. जवळच्या दिंडीचा क्रमांक पाहून आपली पुढे आहे की मागे हे ठरवावे, त्याच दिंडीबरोबर तळापर्यंत जावे आणि तिथे क्रमांकावरून आपला तंबू विचारावा.

## ७. चालणे कधी थांबवावे

निर्णय आधीच ठरवून ठेवला नाही तर माणूस भावनेच्या भरात पुढे चालत राहतो. भोवळ, बरळणे, अंग तापलेले असणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा माणसाला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. छातीत दुखणे किंवा डाव्या हातात कळ येणे याला ‘पित्त असेल’ म्हणून टाळू नये. एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, फोडाभोवती पसरणारी लाली, एक दिवस न उतरणारा ताप, लघवी फार कमी व गडद होणे यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवशी चालू नये आणि तळावरच्या आरोग्य पथकाला दाखवावे.

वेदनाशामक गोळ्या खाऊन टप्पा रेटण्याची सवय घातक आहे. रिकाम्या पोटी आणि पाणी कमी झालेल्या शरीरात त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करतात. एक टप्पा दिंडीच्या वाहनातून गेल्याने वारी मोडत नाही; वर्षानुवर्षे चालणारे वृद्ध वारकरीही गरज पडली की असे करतात.

## ८. वाखरी आणि पंढरपूर

वाखरीत इतर संतांच्या पालख्याही एकत्र येतात आणि गर्दी अनेक पटींनी वाढते. वाखरी ते पंढरपूर अंतर थोडे आहे, तरी ते चालायला दिवस जातो. भंडीशेगाव सोडण्यापूर्वीच दिंडीचा पंढरपुरातला पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावा.

पददर्शनाच्या, म्हणजे विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्याच्या रांगेबद्दल नवख्यांची मोठी गफलत होते. एकादशीला ही रांग अनेक तासांची, कधी त्याहूनही लांबीची असते. पंधरवडाभर चालून आलेल्या पायांनी तिच्यात उभे राहण्याची सक्ती स्वतःवर करू नये. कितीतरी वारकरी चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीला माथा आणि कळसदर्शन एवढ्यावर समाधानाने परततात. मुखदर्शनाची (दुरून मूर्ती पाहण्याची) रांग वेगळी असते आणि तुलनेने लवकर सरकते. पददर्शनच हवे असेल तर गर्दी ओसरल्यावर, पौर्णिमेनंतर किंवा पुन्हा वेगळ्या खेपेला यावे.

चंद्रभागेत घाटाजवळच, उथळ पाण्यात स्नान करावे. धरणातून पाणी सोडलेले असेल तर ओढ वरून दिसत नाही. पायाला उघडी जखम असेल तर नदीत न उतरता पाणी अंगावर शिंपडून घ्यावे.

## ९. परतणे

परतीची गर्दी एकादशीच्या संध्याकाळपासून द्वादशीच्या दुपारपर्यंत सर्वाधिक असते. द्वादशीचे पारणे दिंडीत करून, भांडी-तंबू आवरायला हात लावून, दुपारनंतर किंवा त्रयोदशीला निघणे सोयीचे पडते. एसटी यात्रेसाठी जादा गाड्या सोडते. कोणत्या गावाची गाडी कोणत्या तात्पुरत्या स्थानकावरून सुटते याची चौकशी आदल्या दिवशीच करावी, कारण ही स्थानके गावाच्या वेगवेगळ्या टोकांना असतात. रेल्वेने जाणाऱ्यांनी कुर्डुवाडीला गाडी बदलण्याचा वेळ हिशेबात धरावा.

निघण्यापूर्वी दिंडीप्रमुखांना भेटून परतत असल्याचे सांगावे. न सांगता गेलेल्या माणसाचा शोध रात्रभर घेतला जातो. पुढच्या वर्षी यायचे असेल तर त्याच वेळी नाव सांगून ठेवावे. घरी पोहोचल्यावर दोन-तीन दिवस पाय उशीवर उंच ठेवून झोपावे, नखे काळी पडली असतील तर ती उपटू नयेत, आणि मधुमेह असलेल्यांनी आठवड्याच्या आत तळवे डॉक्टरांना दाखवून रक्तातली साखर तपासून घ्यावी.